बाळाच्या संवेदना वेगळ्या आणि विकास मागे वाटत असेल तर: पहिल्या शंकेपासून पहिल्या थेरपीपर्यंतचा मार्ग

आमचा मुलगा ३३व्या आठवड्यात जन्मला आणि पहिले एकोणीस दिवस नवजात अतिदक्षता विभागात होता. आम्ही साताऱ्याला राहतो. घरी आल्यावर त्याच्यात काहीतरी वेगळे आहे, हे सर्वांत आधी मालिश करणाऱ्या मावशींच्या लक्षात आले. तळव्यांना तेल लावले की तो पाठ ताठ करून रडायचा आणि घट्ट दुपट्यात गुंडाळला की शांत व्हायचा. दहाव्या महिन्यात तो हाकेला वळत नव्हता, कुकरच्या शिट्टीला मात्र किंचाळत होता, आणि फिरता पंखा कितीही वेळ पाहत पडून राहत होता. तिथपासून पहिल्या थेरपीपर्यंत आमचे अकरा महिने गेले. त्यांतले किमान सात महिने कोणाकडे जावे, काय विचारावे आणि कोणाचे ऐकू नये हे माहीत नसल्यामुळे वाया गेले. मी डॉक्टर नाही. तपासणी आणि निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. त्यांच्यापर्यंत वेळेत आणि तयारीनिशी कसे पोहोचावे, एवढेच मी सांगू शकते.

१. आधी बाळाचे वय नीट मोजा

बाळ वेळेआधी जन्मले असेल तर विकासाचे टप्पे जन्मतारखेपासून मोजू नयेत. चाळीस आठवड्यांत जितके आठवडे कमी पडले तितके वयातून वजा करावेत. आमच्या मुलाचे सात आठवडे वजा केले, की दहाव्या महिन्यात तो विकासाच्या हिशेबाने साधारण साडेआठ महिन्यांचा होता. असे सुधारित वय सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत धरतात.

इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. वजाबाकी विसरली तर आईवडील विनाकारण घाबरतात. वजाबाकी करूनही बाळ मागे असेल तर मात्र ‘लवकर जन्मला ना, होईल हळूहळू’ हे उत्तर पुरत नाही. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल आणि बोटाने काही दाखवत नसेल, तर त्याचा दोष सात आठवड्यांवर टाकता येत नाही.

२. पंधरा दिवस वही लिहा आणि छोटे व्हिडिओ काढा

दवाखान्यात दहा मिनिटे मिळतात. अनोळखी खोलीत बाळ एकतर झोपते, नाहीतर रडते. त्यामुळे घरात दिसणारे बाळ डॉक्टरांपर्यंत वहीतून आणि मोबाइलमधूनच पोहोचते. वहीचे दोन भाग करा.

पहिल्या भागात संवेदनांविषयी लिहा. मिक्सर, शिट्टी, फटाके यांना बाळ दचकते, की कान झाकून बराच वेळ सावरत नाही? केस धुणे, नखे कापणे, जावळ काढणे, गवतावर किंवा वाळूत पाय टेकणे यांत काय होते? गुठळी लागली की उलटी येते आणि फक्त मिक्सरमधून काढलेलेच अन्न चालते, असे आहे का? याच्या उलट बाजूही तितक्याच बारकाईने टिपा. जोरात पडूनही न रडणारे, लस टोचल्यावर ढिम्म राहणारे, सतत गरगर फिरू पाहणारे किंवा वस्तू डोळ्यांच्या अगदी कोपऱ्यात धरून पाहणारे बाळही संवेदना वेगळ्या रीतीने घेत असते. ‘आपले बाळ शांत आहे’ असे म्हणून घरचे सुखावतात, म्हणून ही दुसरी बाजू अनेकदा नोंदवलीच जात नाही. प्रत्येक नोंदीपुढे प्रसंग किती वेळ टिकला आणि त्यामुळे झोप, जेवण किंवा अंघोळ अडली का, हे लिहा. मिक्सरला घाबरणे पुष्कळ बाळांत दिसते. रोजचे जगणे अडते का, हा खरा प्रश्न असतो.

दुसऱ्या भागात माणसांशी असलेले नाते लिहा. बाळ तुमच्या हसण्याला हसते का? हाकेला वळते का? टाटा करते का? तुम्ही टाळी वाजवली की वाजवू पाहते का? बोटाने दाखवण्याकडे विशेष लक्ष द्या, कारण त्याचे दोन प्रकार आहेत. बिस्किटाकडे बोट दाखवणे म्हणजे मागणे. खिडकीतली चिमणी ‘तूही बघ’ म्हणून दाखवणे आणि मग तुमच्या चेहऱ्याकडे वळून पाहणे, हा दुसरा प्रकार. तोच उशिरा येतो किंवा येत नाही, तेव्हा डॉक्टर अधिक सावध होतात. आमचा मुलगा माझे मनगट धरून माझा हात डब्यावर ठेवायचा, पण माझ्याकडे पाहायचा नाही. आम्हाला ती हुशारी वाटत होती.

स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे निदान ज्या निकषांवर होते त्यांत २०१३पासून संवेदनांमधील फरकाचाही समावेश आहे. मात्र तो एकटा निदानाला पुरेसा नाही. वेळेआधी जन्मलेल्या अनेक बाळांत असे फरक दिसतात आणि त्यांतली सगळी स्वमग्न नसतात. म्हणूनच वहीचे दोन्ही भाग एकत्र वाचावे लागतात.

व्हिडिओ एकेक मिनिटाचे आणि साधे असावेत: जेवताना, एकटे खेळताना, मागून हाक मारल्यावर, आणि ज्या आवाजाचा त्रास होतो त्या वेळी. हाक दोनदाच मारा. आमच्या घरात सहा माणसे दिवसभर त्याचे नाव घेऊन परीक्षा घेत होती. अशाने नाव हा बाळासाठी निरर्थक आवाज होऊन बसतो.

३. ही लक्षणे दिसली तर पंधरा दिवसांची वहीही नको

- ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही किंवा १८ महिन्यांपर्यंत एकटे चालत नाही.
- १२ महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बडबडणे नाही, हातवारे नाहीत, बोट दाखवणे नाही.
- १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
- २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणणे यात धरू नये.
- कोणत्याही वयात आलेले शब्द, नजर किंवा हसू नाहीसे होणे.

याशिवाय एक गोष्ट तातडीची आहे. साधारण तीन ते बारा महिन्यांच्या बाळाला, विशेषतः झोपेतून उठताना, लागोपाठ झटके येऊन मान आणि हात एकदम पुढे झुकत असतील, जणू ते सलाम करत आहे, तर ते दचकणे किंवा पोटदुखी समजून घरगुती उपाय करू नका. हा फिट्सचा एक गंभीर प्रकार असू शकतो. त्याला मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, आणि तत्काळ औषध लागते, आणि उपचार लांबला तर विकासाचे नुकसान वाढते. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

४. बालरोगतज्ज्ञांची वेगळी वेळ घ्या

लसीकरणाच्या दिवशी, बाहेर वीस बाळे रडत असताना हा विषय काढू नये. मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा ‘मुलगे उशिरा बोलतात’ हे ऐकून परतले. घरी तर याहून भक्कम पुरावा तयार होता: याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात, हे खरे आहे. पण आपले मूल त्यांपैकी आहे की नाही, हे तपासणीनंतरच कळते.

तिसऱ्या वेळी मी स्वतंत्र वेळ घेतली, वही पुढे ठेवली आणि विचारले, “याची विकासाची औपचारिक चाचणी कधी आणि कुठे करायची, हे कृपया चिठ्ठीवर लिहून द्याल का?” ‘काळजी करण्यासारखे आहे का?’ या प्रश्नाला धीर देणारे उत्तर मिळते आणि माणूस घरी येतो. लेखी चिठ्ठी मागितली की पुढचा रस्ता उघडतो. एवढ्यावरही ‘सहा महिने पाहू’ असे उत्तर आले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

५. कान आधी, मग बाकीचे सगळे

हाकेला न वळणाऱ्या आणि न बोलणाऱ्या प्रत्येक बाळाची श्रवण तपासणी आधी झाली पाहिजे, मग ते कुकरच्या शिट्टीला कितीही दचकत असो. काही आवाज ऐकू येणे आणि बोलणे समजण्याइतके ऐकू येणे यांत फरक आहे. मागे उभे राहून ताट वाजवणे ही तपासणी नव्हे.

जन्मानंतर ‘ओएई’ ही छोटी तपासणी झाली असेल, तरी तिच्यावर विसंबू नका. ती आतल्या कानापुरतीच असते. आवाज मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे ‘बेरा’ तपासणीत कळते. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळांसाठी ती विशेष महत्त्वाची आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत, तसेच मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत चौकशी करावी.

बेरासाठी बाळ गाढ झोपलेले लागते. आमचा मुलगा साताऱ्याहून पुण्यापर्यंत गाडीत छान झोपला आणि तपासणीच्या खोलीत टक्क जागा राहिला. त्या दिवशी हात हलवत परतलो. दुसऱ्या खेपेला पहाटे चारला उठवला, वाटेत एक मिनिटही झोपू दिले नाही आणि तिथे पोहोचल्यावर दूध पाजले. अर्ध्या तासात काम झाले. झोपेचे औषध द्यायचे असेल तर ते तिथल्या डॉक्टरांनीच द्यावे, घरून देऊन नेऊ नये.

याच सुमारास डोळ्यांची तपासणी करून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन व लोह आणि बी-१२ या रक्त तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारा. आई पूर्ण शाकाहारी असेल आणि बाळ बराच काळ केवळ अंगावरच्या दुधावर असेल, तर बी-१२ची तीव्र कमतरता होऊन बाळ मलूल होऊ शकते, हसणे कमी होऊ शकते, आलेली कौशल्येही जाऊ शकतात. वेळेत कळले तर यावर उपचार आहेत. एमआरआय आणि जनुकीय तपासणी प्रत्येकाला लागत नाही. डॉक्टर कारण सांगतील तरच करा.

६. विकासाचे मूल्यमापन कुठे आणि कसे होते

शासकीय मार्ग अनेकांना माहीतच नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३मध्ये पालघरमधून झाली. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात, आणि विकासात मागे असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना पथक कधी येणार हे विचारा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात या केंद्राची चौकशी करा. याशिवाय पुण्यात केईएम रुग्णालयाचे टीडीएच पुनर्वसन व मॉरिस बालविकास केंद्र आणि मुंबईत ‘उम्मीद’ ही २००१पासून काम करणारी संस्था यांसारखी ठिकाणे आहेत. दोनतीन ठिकाणी एकाच वेळी नाव नोंदवून ठेवा, कारण मोठ्या केंद्रांत थांबावे लागते.

लहान बाळांसाठी आपल्याकडे बडोद्याच्या मानकांवर आधारलेली ‘डासी’ ही चाचणी वापरतात. ती ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी असून त्यात हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक आहेत. स्वमग्नतेची शक्यता चाळण्यासाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना ‘एम-चॅट’ची २० हो-नाही प्रश्नांची यादी देतात. तिच्यात २पर्यंत गुण आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर पालकांना खोलात जाऊन पुन्हा प्रश्न विचारतात, आणि ८ किंवा अधिक आले तर थेट निदानासाठी पाठवतात. ही यादी म्हणजे चाळणी आहे. इंटरनेटवर ती रात्री एक वाजता स्वतः भरून रडत बसलेल्या आयांपैकी मीही एक होते, म्हणून सांगते की ती दिवसा आणि तज्ज्ञासमोर भरावी.

उत्तरे देताना ‘कधीतरी करतो’ याला ‘हो’ म्हणण्याचा मोह होतो. महिन्यातून एकदा टाटा केले असेल तर तसेच सांगा. मूल्यमापनाला बाळाला रोज सांभाळणारी व्यक्तीही सोबत असावी. आमच्या बाबतीत ती माझी सासू होती आणि माझ्यापेक्षा अचूक उत्तरे तिनेच दिली.

एक वर्षाच्या बाळाला बहुधा ‘विकासात विलंब, स्वमग्नतेचा धोका’ एवढेच लिहून मिळते. अनुभवी तज्ज्ञ १८ ते २४ महिन्यांच्या सुमारास निदान करू शकतात. आमचे अडीच वर्षांच्या वयात झाले.

७. निदानाची वाट न पाहता काम सुरू करा

या लेखातली ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आमचे सात महिने इथेच गेले. ‘नाव कळू दे, मग थेरपी’ असे आम्ही ठरवले होते. वास्तविक बाळ हाकेला वळत नाही, घास गिळत नाही, पाय टेकत नाही, या अडचणींवर काम करायला निदानाचे नाव लागत नाही. उद्या ते स्वमग्न नाही असे ठरले, तरी केलेले काम त्याला उपयोगीच पडते.

संवेदना, हालचाल आणि जेवण यांसाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि संवादासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ लागतात. मूल बोलत नसताना स्पीच थेरपी कसली, असे आमच्याकडे सगळ्यांनी विचारले. पण नजर, हातवारे, आळीपाळीने खेळणे हे सगळे शब्दांच्या आधीचे असते आणि कामाला तिथूनच सुरुवात होते.

वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. महाराष्ट्रात व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, यांची राज्याच्या वेगळ्या परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. दुसरा प्रश्न असा: “सत्रात मी आत बसू शकते का?” आम्ही ज्या पहिल्या खासगी केंद्रात गेलो तिथे दार बंद करून पाऊण तासाने मूल परत देत. आत काय झाले ते आम्हाला कळत नसे, म्हणून घरी काही करताही येत नसे. बाळाच्या आठवड्यातल्या दोन सत्रांपेक्षा त्याचे घरातले जेवण, अंघोळ आणि खेळ यांचे तास कितीतरी जास्त असतात. आईवडिलांना शिकवणारा तज्ज्ञ मिळाला, तर अंतर जास्त असले तरी त्याच्याकडेच जा.

आम्हाला शिकवलेल्या आणि उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते. तुमच्या बाळासाठी काय योग्य ते तुमचे तज्ज्ञ ठरवतील. मिक्सर लावण्याआधी तो बंद असताना बाळाला हात लावू द्यायचा, ‘आता घुर्रर्र’ असे रोज त्याच शब्दांत सांगायचे आणि आधी दुसऱ्या खोलीत लावायचा. हळुवार, गुदगुल्यांसारखा स्पर्श टाळून संथ, भरीव दाब द्यायचा. परातीत रवा किंवा तांदूळ घेऊन आधी आपण हात घालायचा. बाळाचा हात धरून आत घालायचा नाही. अन्नात एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे मिक्सरमधल्या भाताकडून हाताने कालवलेल्या भाताकडे, आणि मग दाणेदार भाताकडे. बाळाच्या समोर जमिनीवर बसून ते करते तेच करायचे, आणि बोलल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबायचे. हे दहा आकडे फार मोठे वाटतात.

चाकांचा वॉकर काढून टाका. तो चालायला शिकवत नाही, उलट अपघात होतात. वजनदार पांघरुणे बाळांवर घालू नयेत. दोन वर्षांखालील मुलाला मोबाइल आणि टीव्ही देऊ नये, व्हिडिओ कॉलवर आजोबांशी बोलण्यापुरता अपवाद ठेवा.

भाषेबद्दल थोडे अधिक लिहिते. ‘पुढे शाळा इंग्रजी असणार, मुलाचा गोंधळ होतो, घरात मराठी बंद करा’ असा सल्ला आम्हाला एका ठिकाणी मिळाला आणि आम्ही तो तीन महिने पाळला. त्या तीन महिन्यांत माझी सासू घरात जवळजवळ मुकी झाली आणि मी स्वतः ‘कम’, ‘गो’, ‘ईट’ यांपलीकडे मुलाशी बोलेनाशी झाले. दोन भाषा ऐकल्याने विलंब किंवा स्वमग्नता होत नाही. जी भाषा तुम्हाला लाडात, रागात आणि झोपेत येते तीच बाळाशी बोला. आम्ही मराठीवर परतलो आणि दुसऱ्याच आठवड्यात आजी पुन्हा त्याच्याशी दिवसभर बडबडू लागली.

८. पैसा आणि वेळ खाणारे सापळे

स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती तुम्हाला नक्की दिसतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांपलीकडे हे उपचार नेहमीच्या वापरासाठी मान्य नाहीत. ‘शंभर टक्के बरे’ असे म्हणणाऱ्या कोणाकडेही दुसऱ्यांदा जाऊ नका. ‘व्हर्च्युअल ऑटिझम आहे, मोबाइल बंद केला की जाईल’ हेही ऐकू येते. मोबाइल बंद करावाच, पण ते मान्यताप्राप्त निदान नाही आणि त्यासाठी मूल्यमापन पुढे ढकलू नये.

लसीमुळे स्वमग्नता होते ही समजूत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातील १९९८च्या ज्या लेखामुळे पसरली, तो २०१०मध्ये मागे घेण्यात आला. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि लक्षणेही अनेकदा त्याच वयात ठळक होतात, त्यामुळे संबंध असल्यासारखे वाटते. लसी चुकवू नका. आईने गरोदरपणात काय केले याची घरात चालणारी चौकशी मात्र शांतपणे थांबवा. माझ्या बाबतीत हे काम माझ्या नवऱ्याने केले.

९. फाइल आणि कागदपत्रे

एक मोठी फाइल करा आणि तारखेनुसार लावत जा:

- जन्मदाखला आणि रुग्णालयातून सोडतानाचा सारांश (गर्भाचे आठवडे, वजन, कावीळ, ऑक्सिजन यांच्या नोंदी त्यात असतात)
- माता व बाल संरक्षण कार्ड आणि लसीकरणाच्या नोंदी
- बेरा, डोळे आणि रक्त तपासण्यांचे अहवाल
- मूल्यमापनाचे अहवाल आणि थेरपीची लेखी उद्दिष्टे
- बाळाचे आधार कार्ड (पाच वर्षांखाली बोटांचे ठसे लागत नाहीत), पालकांचे आधार, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे
- तुमची वही

निदान झाल्यावर अपंगत्व प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, यांसाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करता येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तीत किमान ४० आणि कमाल २०० गुण असतात, आणि ७०च्या खाली स्वमग्नता धरत नाहीत. इथे गुण जितके जास्त तितकी अडचण जास्त. आमच्या एका नातेवाइकांनी जास्त गुण पाहून अभिनंदनाचा फोन केला होता. लहान वयातले प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

प्रमाणपत्र हाती आल्यावर राष्ट्रीय न्यास, म्हणजे नॅशनल ट्रस्ट, या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज करा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. मात्र त्यासाठी पावत्या लागतात. प्रत्येक सत्राची पावती तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह त्याच दिवशी मागून घ्या; वर्षाच्या शेवटी मागितलेल्या पावत्या आम्हाला मिळाल्या नाहीत.